इबिशूची गाडी सारखी दगा देते? रीसेट करण्याआधी या चुका टाळा

बीमएनजी ड्राइव्ह हा गाड्या चालवायचा आणि ठोकायचा कॉम्प्युटर गेम हातात आल्यावर पहिला आठवडा सगळ्यांचा सारखाच जातो. गाडी निवडायची, कड्यावरून खाली सोडायची आणि चुरा कसा होतो ते बघत बसायचं. मीही तेच केलं. पण एक दिवस गाडी नीट चालवावीशी वाटते. मग यादीतून एखादी लहानशी, साधीशी गाडी निवडली जाते आणि ती बहुतेक वेळा इबिशूची असते. कव्हेट, पेसिमा, मिरामार, 200बीएक्स, हॉपर, तीन चाकांची पिजन. इबिशू ही या गेममधली काल्पनिक जपानी कंपनी. तिच्या गाड्या मला मनापासून आवडतात, कारण त्यांच्याकडे चूक झाकणारं काही नसतं. ताकद बेताची, टायर अरुंद आणि चालकाला सांभाळून घेणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बहुतेकींना नाही. तुम्ही जे कराल ते तसंच्या तसं समोर येतं.

म्हणूनच तक्रारीही तिच्याबद्दलच जास्त ऐकू येतात. "कव्हेट उगाच बंद पडते." "पिजन वळतच नाही, उलटते." "200बीएक्सची मागची बाजू जागेवर राहत नाही." यातली जवळपास प्रत्येक तक्रार मी स्वतः केलेली आहे, आणि दर वेळी खोलात गेल्यावर चूक माझीच निघाली.

आधी एक गोष्ट समजून घेतली की पुढचं सगळं सोपं होतं. ब्रेमेनमध्ये तयार झालेल्या या गेमचा पहिला डेमो 2013 मध्ये आला आणि मे 2015 मध्ये तो स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात अर्ली अॅक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच, विक्रीला आला. सुरुवातीपासून त्याचा पाया एकच आहे: गाडी म्हणजे बिंदू आणि ते जोडणाऱ्या काड्या, इंग्रजीत ज्यांना नोड आणि बीम म्हणतात, यांचा सांगाडा. त्या सांगाड्यावर कुठे किती जोर पडतोय याचा हिशेब सेकंदाला 2000 वेळा होतो. काडी वाकते, ताणली जाते, तुटते. इथे गाडीला "आयुष्य" दाखवणारी हिरवी पट्टी नाही. इंजिन बंद पडलं तर त्याला नेमकं कारण असतं, आणि ते कारण शोधता येतं.

ठोकर लागली, तरी गाडी चालतेय, म्हणजे सगळं ठीक

नव्या खेळाडूची ही सर्वांत मोठी चूक, आणि कव्हेट ती सर्वांत लवकर उघडी पाडते.

माझा प्रसंग सांगतो. इटलीच्या नकाशावर घाटातून उतरताना एका आवळ वळणावर कव्हेट दगडी कठड्याला थडकली. वेग जेमतेम वीस-पंचवीसचा असेल. बंपर आत गेला, एक दिवा फुटला. गाडी मागे घेतली, पुढे निघालो, सगळं व्यवस्थित. तीनेक मिनिटांनी चढ लागला आणि गाडीचा दम तुटल्यासारखा झाला. पूर्ण रेस दिली तरी वेग वाढेना. बॉनेटच्या फटीतून आधी बारीक पांढरी वाफ, मग भसाभस. शेवटी इंजिनाने दोन आचके दिले आणि रस्त्याच्या मधोमध ते बंद पडलं. मी चिडून "काहीतरी बग आहे" म्हणत रीसेट केलं.

बग नव्हता. कव्हेटचं इंजिन पुढे असतं आणि त्याला थंड ठेवणारा रेडिएटर बंपरच्या अगदी मागे. बंपर आत गेला की रेडिएटर दाबला जातो. त्यातून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, गळायला लागतं, पण इंजिनाला ते लगेच जाणवत नाही. सपाट रस्त्यावर, हलक्या पायाने, गाडी बराच वेळ बरी चालते. चढावर जोर लागतो, उष्णता वाढते, ती वाहून न्यायला कूलंट उरलेलं नसतं. मग हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधलं सील, जातं आणि पाठोपाठ पिस्टनच्या रिंगा. हे सगळं गेम स्क्रीनवर संदेश देऊन सांगतो, पण आपलं लक्ष रस्त्यावर असल्यामुळे ते वाचायचं राहून जातं.

उपाय सोपा आहे. मेनूमधून यूआय अॅप्स (स्क्रीनवर माहिती दाखवणाऱ्या छोट्या चौकटी) उघडा आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात दोन अॅप्स कायमची बसवून टाका: एक गाडीचं नुकसान दाखवणारं, दुसरं इंजिनचं तापमान दाखवणारं. ठोकर लागली की आधी पहिल्यावर नजर टाका. रेडिएटरवर लाल खूण दिसली तर गाडी अजून चालणार, पण तुमच्याकडे मोजकाच वेळ आहे. निरोगी कव्हेटमध्ये कूलंट साधारण 90 अंशांच्या आसपास स्थिरावतं. आकडा तिथे न थांबता सरकत राहिला तर रेस कमी करा, वरचा गिअर टाका, उतार असेल तर इंजिनावर ओझं न देता गाडी घरंगळू द्या. मी अशी फुटक्या रेडिएटरची गाडी बऱ्याच लांबपर्यंत नेलेली आहे. कधी पोहोचलो, कधी नाही, पण ती धडपड आख्ख्या गेममधल्या सर्वांत चांगल्या अर्ध्या तासांपैकी आहे.

तीच गोष्ट तेलाची. गाडी उंच दगडावर आपटली, खालून मोठा आवाज आला, तर ऑइल पॅनला, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याला, भेग गेली असू शकते. तेल गळून गेलं की बेअरिंगं कोरडी पडतात आणि इंजिन जाम होतं. गाडी उलटी पडली असेल आणि इंजिन चालू असेल तर आधी इंजिन बंद करा. उलट्या गाडीत तेल जिथे असायला हवं तिथे नसतं, आणि चाकं हवेत फिरवत रेस देत राहणं म्हणजे इंजिन आपल्या हाताने मारणं.

आर बटणाची सवय

काही बिघडलं की बोट आपोआप 'आर'वर जातं. गाडी क्षणात कोरी करकरीत होऊन सुरुवातीच्या जागी उभी. पुरावा मात्र पुसला जातो. गाडी का उलटली, कोणतं चाक आधी सुटलं, पुढच्या चाकाला धरणारा आर्म वाकला होता की टायरच फुटला होता, यातलं काहीच कळत नाही, आणि पुढच्या वळणावर तीच चूक पुन्हा होते.

रीसेटच्या आधी 'जे' दाबून गेम थांबवा. कॅमेरा गाडीभोवती फिरवा. पुढची दोन्ही चाकं समोरून बघा: एक आत आणि एक बाहेर वळलेलं दिसलं तर टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंगला चाकाशी जोडणारी दांडी, वाकलाय. डीबग मेनूमधून सांगाडा दाखवायला सांगितलं तर नेमका कुठला भाग तुटलाय किंवा वाकलाय तेही दिसतं. पाच-दहा सेकंदांचं काम आहे. आणि सुरुवातीच्या जागी परत जायचं नसेल तर 'आर' नकोच, 'इन्सर्ट' वापरा. तो गाडीला आहे तिथेच सरळ करून देतो. लांबच्या प्रवासात वीस मिनिटं चालवून आल्यावर चुकून 'आर' दाबणाऱ्याचं दुःख मला चांगलं माहीत आहे. हे बटण कंट्रोल्सच्या पानावर जाऊन बदलून टाका, असं मी आग्रहाने सांगेन.

कव्हेटला मोठा टर्बो लावला, आता उडणार

उडते. साधारण दोन मिनिटं.

पार्ट्स निवडायच्या यादीत टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणाऱ्या भागाच्या, निरनिराळ्या पायऱ्या दिसतात आणि हात थेट सर्वांत मोठ्याकडे जातो. हॉर्सपॉवरचा आकडा दुप्पट-तिप्पट होतो. पण गेममध्ये प्रत्येक इंजिन ब्लॉकला टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सोसायची मर्यादा आहे. ती ओलांडली की इंजिन त्याच क्षणी फुटत नाही, आतून थोडं थोडं झिजत जातं. म्हणून पहिल्या एक-दोन पळवण्यांत सगळं छान वाटतं, आणि तिसऱ्या वेळी सरळ रस्त्यावर कनेक्टिंग रॉड जातो. खेळाडूला वाटतं, आत्ता तर मी काहीच केलं नव्हतं. केलं होतं, दहा मिनिटांपूर्वी.

टर्बो लावताना क्रम उलटा ठेवा. आधी ताकद सोसणारे भाग, मग ताकद. हेवी ड्यूटी किंवा त्याहून भक्कम इंजिन ब्लॉक आधी बसवा. मग मोठा रेडिएटर, कारण जास्त ताकद म्हणजे जास्त उष्णता. त्यानंतर टर्बोचं बूस्ट (हवेचा दाब), तेही ट्यूनिंगच्या पानावर जाऊन कमीत कमीपासून वर न्या. टॉर्क कर्व्ह दाखवणारं अॅप उघडून रेषा कुठे उसळते ते बघा. लहान इंजिनावर मोठा टर्बो असेल तर खालच्या आरपीएमवर काहीच ताकद नसते आणि वर एकदम धक्का येतो. वळणातून बाहेर पडताना नेमका तिथेच घात होतो: तुम्ही रेस देता, क्षणभर काही होत नाही, म्हणून अजून देता, आणि मग सगळी ताकद एकदम येते.

कव्हेटमध्ये आणखी एक अडचण. ताकद पुढच्या चाकांना जाते आणि वळवायचं कामही तीच चाकं करतात. टायरकडे पकड मोजकी असते. ती सगळी ताकदीला दिली तर वळायला काही उरत नाही. स्टिअरिंग पूर्ण फिरवलेलं असतं, आतलं चाक जागेवर धूर काढत असतं आणि गाडी सरळ दरीकडे चाललेली असते. अशा वेळी स्टिअरिंग अजून फिरवून काही होणार नाही. पाय थोडा उचला. पुढच्या चाकांना पकड परत मिळते आणि नाक आपसूक आत येतं. मात्र पाय एकदम पूर्ण काढलात तर वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि हीच आज्ञाधारक कव्हेट मागून गर्रकन फिरते. थोडा उचला म्हणजे थोडाच. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एकच चाक फुकट फिरू न देता ताकद दोन्ही चाकांत वाटणारा भाग, बसवलंत तर आतल्या चाकाचं फुकटचं फिरणं बरंच कमी होतं. माझ्या मते कव्हेटवर टर्बोच्या आधी करण्याजोगा बदल तोच.

ब्रेक विसरू नका, एवढंच इथे. त्याबद्दल पुढे.

पिजन सारखी उलटते

पिजनला पुढे एक चाक आणि मागे दोन. तीन चाकं जमिनीला जिथे टेकतात ते तीन बिंदू रेषेने जोडा. एक त्रिकोण मिळतो, ज्याचं टोक पुढे आहे. वळताना गाडीचं वजन बाहेरच्या बाजूला झुकतं. ते झुकणं त्रिकोणाच्या कडेपर्यंत गेलं की गाडी कलंडते. आता लक्ष द्या: हा त्रिकोण मागे रुंद आहे आणि पुढे निमुळता. वजन जितकं मागे, तितकी कड लांब. वजन पुढे आलं की कड जवळ येते.

आणि आपण काय करतो? वळण जवळ आल्यावर घाबरून, स्टिअरिंग फिरवलेलं असताना ब्रेक मारतो. ब्रेक मारला की वजन पुढे सरकतं, थेट त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे. उरलेलं काम वळण करतं. पिजन उलटण्याचे माझे जवळजवळ सगळे प्रसंग असेच आहेत.

तिला वळवायची रीत वेगळी आहे. ब्रेक सरळ रस्त्यावर, वळणाच्या बऱ्याच आधी संपवा. स्टिअरिंग फिरवायच्या आत पाय ब्रेकवरून निघालेला हवा. वळणात हलकी रेस कायम ठेवा, म्हणजे वजन मागच्या दोन चाकांवर राहतं. स्टिअरिंग एका झटक्यात न फिरवता हळूहळू द्या. कीबोर्डवर हे अवघड जातं, कारण बाणाचं बटण दाबलं की चाक पूर्ण वळेपर्यंत जातच राहतं. छोट्या छोट्या टिचक्या द्याव्या लागतात. मागे सामान लादलं असेल तर ते जितकं खाली असेल तितकं बरं. आणि एवढं करूनही आतलं चाक उचललं गेलंच, तर ब्रेक मारू नका, स्टिअरिंग सरळ करा. चाक परत खाली टेकतं.

हे एकदा जमलं की पिजनसारखी मजा देणारी गाडी या गेममध्ये क्वचित सापडेल. ताशी चाळीसच्या वेगात इतकं लक्ष लावून गाडी चालवायला दुसरी कुठलीच गाडी लावत नाही.

200बीएक्स आणि कीबोर्ड

मागच्या चाकांवर चालणारी, बुटकी, दोन दारांची. ड्रिफ्टसाठी, म्हणजे मागची चाकं मुद्दाम घसरवत वळण घेण्यासाठी, सगळे हिलाच निवडतात आणि पहिल्याच वळणावर गोल फिरून उलट्या तोंडाने उभे राहतात.

मूळ अडचण साधनाची आहे. कीबोर्डवर रेस म्हणजे शून्य किंवा शंभर टक्के. मागची चाकं घसरत ठेवायला लागते ती चाळीस, पंचेचाळीस, पन्नास टक्के अशी मधली रेस, आणि तीही क्षणाक्षणाला बदलती. साधा गेमपॅड असला तरी त्याच्या ट्रिगरवर ते करता येतं. गेमपॅड नसेल तर ताकद कमी असलेली 200बीएक्स निवडा. पूर्ण रेसमध्येही ती आटोक्यात राहते. शिकायला कमकुवत गाडीच चांगली, कारण ती चूक करायला वेळ देते.

दुसरी चूक म्हणजे मागची बाजू सुटली की घाबरून रेस पूर्ण सोडणं. मागच्या चाकांना अचानक पकड मिळते आणि गाडी विरुद्ध दिशेला फेकली जाते. गाडी ज्या दिशेने सरकतेय त्या दिशेला स्टिअरिंग, रेस अर्ध्यावर, आणि स्टिअरिंग परत आणायला उशीर नको. नव्वद टक्के वेळा गाडी पहिल्या घसरणीत जात नाही, तिच्यानंतरच्या उलट झोक्यात जाते.

गिअरबद्दलही इथेच सांगतो, कारण ही चूक 200बीएक्सवर फार होते. गेममध्ये गिअरबॉक्सच्या दोन पद्धती आहेत, आर्केड आणि रिअलिस्टिक. आर्केडमध्ये गाडी थांबल्यावर ब्रेक धरून ठेवला की ती रिव्हर्समध्ये जाते. "उभी केलेली गाडी आपोआप मागे जाते" ही तक्रार इथली, त्याला हँडब्रेक हा उपाय. रिअलिस्टिकमध्ये सगळं तुमच्या हातात, म्हणजे चुकाही. वेगात असताना घाईघाईत दोन-तीन गिअर एकदम खाली टाकले तर चाकं इंजिनाला त्याच्या मर्यादेबाहेर फिरवतात. इंजिनाला जास्त वेगाने फिरू न देणारा रेव्ह लिमिटर तिथे काही करू शकत नाही, कारण इंजिन स्वतःच्या जोरावर फिरतच नाहीये. वॉल्व्ह जातात, आणि गाडी त्यानंतर खोकत खोकत चालते. वेग आधी ब्रेकने उतरवा, गिअर एकेक करून खाली.

मिरामार घाटात थांबत नाही

मिरामार ही जुन्या बांधणीची सेडान. लांब उतारावर सारखा ब्रेक धरून आणली की काही वेळाने पेडल पूर्ण दाबूनही ती थांबायला तयार नसते. ब्रेक तुटलेले नाहीत, तापलेत. गेम ब्रेकच्या तापमानाचा हिशेब ठेवतो. रात्री बाहेरच्या कॅमेऱ्यातून बघितलंत तर तापलेल्या डिस्क लालसर दिसतात.

उतारावर खालच्या गिअरमध्ये उतरा आणि वेग धरून ठेवायचं काम इंजिनाला करू द्या. ब्रेक सतत हलका धरण्यापेक्षा मधूनमधून जोरात दाबून सोडा, म्हणजे मधल्या वेळात ते थंड होतात. पॅड बदलायचे असतील तर यादीतलं सर्वांत महागडं रेसिंगचं पॅड लगेच उचलू नका. ते तापल्यावर उत्तम चालतं, थंड असताना मात्र साध्या पॅडपेक्षा कमी पकडतं. रोजच्या फिरण्यात तुमचा पहिलाच ब्रेक कच्चा लागेल. घाटासाठी स्पोर्ट पॅड पुरतात.

हॉपर: लो रेंज लावून डांबरी रस्त्यावर

हॉपर दगडांवर चढायला बनवलेली आहे. लो रेंज (हळू पण जोरदार चालवणारे गिअर) आणि डिफरन्शियल लॉक (दोन्ही चाकं एकत्र बांधणारी सोय) लावून ती जिथे चढते ते बघून तोंडात बोट जातं. चूक होते ती खाली उतरल्यावर. लॉक तसाच राहतो आणि गाडी डांबरावर येते. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जायचं असतं, आतल्याला कमी, पण लॉकने दोघांना एकाच वेगाला बांधलेलं असतं. दगड-मातीवर चाक घसरून हा फरक भरून काढतं. डांबरावर घसरायला जागा नाही, म्हणून गाडी वळायला नकार देते आणि सगळा ताण एक्सलवर येतो. "हॉपरचं स्टिअरिंग जड झालं" म्हणणाऱ्यांनी आधी लॉक तपासावा.

चढणीवर अडकल्यावर पूर्ण रेस देऊन गाडी उड्या मारवणं हीही नेहमीची चूक. हवेत वेगाने फिरणारं चाक दगडावर अचानक टेकून थांबलं की एक्सल मोडतो. टायरमधली हवा ट्यूनिंगच्या पानावर कमी करा, लो रेंजमध्ये, मुंगीच्या पावलाने चढा. पाण्यात शिरताना बॉनेटपर्यंत पाणी येतंय का एवढं बघा. इंजिनाने पाणी ओढलं तर ते जागीच बंद होतं, आणि मग रीसेटशिवाय इलाज नाही. इथे 'आर' दाबायला माझी हरकत नाही.

खऱ्या गाडीचे आकडे इबिशूला लावणं

200बीएक्स बघून कुणाला एखादी निस्सान आठवते, हॉपर बघून जीप. साम्य दिसतंच. पण इबिशूची एकही गाडी कुठल्या एका खऱ्या गाडीची नक्कल नाही. खऱ्या गाडीसाठी कुणीतरी सुचवलेला कॅम्बर (चाकाचा तिरकेपणा), स्प्रिंगचा कडकपणा किंवा टायरची हवा जशीच्या तशी भरून गाडी बिघडवून घेतलेले खूप जण मी पाहिलेत. एका वेळी एकच आकडा बदला, एकाच रस्त्यावर तीनदा चालवा, मग दुसरा. तसंच हिरोचीची सनबर्स्ट इबिशूची समजून तिचे पार्ट्स इथे शोधू नका. हिरोची ही गेममधली दुसरीच जपानी कंपनी आहे.

गाडी केशरी दिसते, पार्ट्स गायब होतात

इथे चालकाची चूक नसते, फाइलींची असते. गाडीवर किंवा तिच्या एखाद्या भागावर भडक केशरी रंग आणि इंग्रजीत मटेरियल नसल्याची अक्षरं दिसली तर गेमला रंगाची फाइल सापडलेली नाही. बहुतेक वेळा जुना मॉड, म्हणजे खेळाडूंनी बनवलेली जादा भर, कारण असतो. गेमच्या नव्या आवृत्तीत इबिशूच्या एखाद्या गाडीची बांधणी बदलते आणि त्या गाडीसाठी आधी बनवलेला मॉड मागे राहतो. सगळे मॉड बंद करा, गेम पुन्हा सुरू करा, मूळ गाडी आणा. ती ठीक दिसली तर मॉड थोडे थोडे करून चालू करत दोषी शोधा. सरळ अर्धे चालू आणि अर्धे बंद करून बघितलं तर लवकर सापडतो. मूळ गाडीही केशरीच असेल तर लाँचरमधल्या सपोर्ट टूल्समधून सेफ मोड वापरून बघा आणि मग युजर फोल्डर साफ करा. त्याआधी आपल्या सेव्ह केलेल्या गाड्यांच्या फाइली दुसरीकडे कॉपी करून ठेवा. मी एकदा ठेवल्या नव्हत्या. कित्येक रात्री बसून जमवलेली पेसिमा त्यात गेली, तिचा स्प्रिंगचा आकडाही मला आठवत नव्हता.

अपडेटनंतर जुनी सेव्ह केलेली गाडी उघडली आणि तिचं एक चाक किंवा गिअरबॉक्सच नाही, असं झालं तर घाबरू नका. त्या भागाचं नाव नव्या आवृत्तीत बदललेलं असतं, म्हणून जागा रिकामी राहते. पार्ट्सच्या यादीत ती जागा शोधा, भाग पुन्हा निवडा, नव्या नावाने सेव्ह करा.

कॉम्प्युटर अडखळत असेल तर ग्राफिक्स कमी करण्याआधी गाड्या मोजा. प्रत्येक गाडीचा सांगाडा वेगळा मोजला जातो आणि तो भार प्रोसेसरवर येतो. ट्रॅफिकमध्ये दहा गाड्या असतील तर दहा सांगाडे. संख्या तीन-चारवर आणा आणि ट्रॅफिकसाठी साध्या गाड्यांचा पर्याय चालू करा. फरक लगेच जाणवतो.

हे करून बघा

पेसिमा घ्या. तिच्यात काही बदलू नका. दोन अॅप्स कोपऱ्यात लावा, 'आर' बंद करून टाका, आणि वेस्ट कोस्टच्या शहरातून निघून गावाबाहेरच्या डोंगराला वळसा घालून परत या. वाटेत कुठेतरी फुटपाथच्या कडेला पुढचं चाक आपटेलच. त्यानंतर गाडी एका बाजूला ओढायला लागली तर सरळ जाताना स्टिअरिंग किती वाकडं धरावं लागतंय ते बघा, थांबून समोरून चाकं तपासा, आणि तशीच पुढे न्या. डावीकडे ओढणारी पेसिमा डाव्या वळणात जरा जास्तच आत येते आणि उजव्या वळणात बाहेर निघते. म्हणून उजव्या वळणांना वेग आधीच कमी ठेवा, आणि शहरात शिरायच्या आधी तापमानाच्या आकड्याकडे एकदा बघून घ्या.